प्लॉट रिकामा आहे; भाड्याचं घर बांधावं का?

तुमच्या कपाटात, पैठणीच्या घडीखाली नाहीतर पासबुकांच्या गठ्ठ्यात, एक जाड फाईल असेल. खरेदीखत, सातबारा, ले-आउटचा पिवळा पडलेला नकाशा. दहा-पंधरा वर्षांपूर्वी यजमानांच्या ऑफिसातल्या पाच-सहा जणांनी मिळून गावाबाहेर प्लॉट घेतले, तेव्हा तुम्हीही एक घेतला. तेव्हा तिथे बाभळी होत्या आणि रिक्षावाला यायला तयार नसे. आता डांबरी रस्ता झालाय, शेजारी दोन बंगले उभे राहिलेत, कोपऱ्यावर किराणा दुकानसुद्धा आहे. आणि घरात संध्याकाळच्या चहाबरोबर एकच विषय निघतो, "जागा नुसती पडून आहे. दोन ब्लॉक बांधू, भाड्याने देऊ. घरबसल्या पैसे येतील."

घरबसल्या म्हणजे कुणाच्या घरबसल्या, हे मात्र त्या चहाच्या वेळी कुणी बोलत नाही. नव्या भिंतींवर पाणी मारलं की नाही ते पाहायला, भाडेकरणीच्या गळक्या नळाची तक्रार ऐकून घ्यायला, प्लंबर शोधायला, महिन्याच्या दहा तारखेला "भाडं राहिलंय हं" असं तोंड कडू न करता सांगायला बहुतेक घरांत शेवटी बाईच जाते. म्हणून हा निर्णय यजमानांवर आणि दिरांवर सोडून मोकळ्या होऊ नका. "मला त्यातलं काही कळत नाही" हे वाक्य जरा बाजूला ठेवा. घरखर्चाची वही लिहिता येते ना? मग हाही हिशेब येतो.

आधी वहीत घर बांधा

एक उदाहरण घेऊ. आकडे मी सोयीसाठी धरलेले आहेत. तुमच्या गावचे दर विचारून तुम्ही ते बदला. पद्धत मात्र हीच ठेवा.

समजा, प्लॉट दोन गुंठ्यांचा आहे. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, तेव्हा दोन गुंठे झाले २,१७८ फूट. त्यावर सहाशे-सहाशे फुटांचे दोन ब्लॉक बांधायचे. बांधकामाचा दर फुटाला २,००० रुपये धरला तर १,२०० फुटांचे झाले २४ लाख. कंत्राटदार तुम्हाला एवढाच आकडा सांगेल. पण आर्किटेक्टची फी, परवानगीचे पैसे, बांधकाम कामगारांसाठी घेतला जाणारा १ टक्का उपकर, बोअर, कंपाउंडची भिंत, गेट, दोन वीजमीटर, पाण्याच्या टाक्या हे सगळं त्या २४ लाखांच्या बाहेर असतं. त्याचे ३ लाख धरू. एकूण २७ लाख.

आता येणं पाहू. एका ब्लॉकला ७,००० रुपये भाडं मिळालं तर दोघांचे महिन्याला १४,०००, वर्षाला १ लाख ६८ हजार. ऐकायला छान वाटतं. पण घर बारा महिने भरलेलं राहत नाही. एक भाडेकरू जातो, दुसरा येईपर्यंत महिना जातो. वर्षाला प्रत्येक ब्लॉकचा एक महिना रिकामा धरा, १४,००० गेले. घरपट्टी १२,००० धरा. आपण स्वतः राहतो त्या घरापेक्षा भाड्याने दिलेल्या घराला पुष्कळ ठिकाणी ती जास्त बसते. पुण्यात तर स्वतः राहणाऱ्याला ४० टक्के सवलत असते, ती भाड्याच्या घराला मिळत नाही. रंग, डागडुजी, मोटरची दुरुस्ती यांचे १५,०००. हातात उरले १ लाख २७ हजार. सत्तावीस लाखांवर हे पावणेपाच टक्केसुद्धा पडत नाहीत.

तेच सत्तावीस लाख साडेसहा टक्क्यांच्या ठेवीत असते तर वर्षाला १ लाख ७५ हजार व्याज आलं असतं, आणि रात्री दोन वाजता टाकी वाहतेय म्हणून फोन आला नसता.

थांबा, एवढ्यावरून लगेच नाही म्हणू नका. दुसरी बाजूही वहीत लिहायला हवी. ठेवीचं व्याज तेवढंच राहतं, भाडं मात्र वाढतं. करारात दरवर्षी ५ टक्के वाढ लिहिलेली असली तर १४,००० चे सात वर्षांनी साधारण १९,७०० होतात. शिवाय प्राप्तिकराच्या हिशेबात भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा होते आणि उरलेल्या रकमेतून ३० टक्के सरसकट सूट मिळते, मग दुरुस्तीवर प्रत्यक्षात किती खर्च झाला हे कुणी विचारत नाही. बँकेच्या व्याजाला अशी सूट नाही. म्हणजे सुरुवातीची पाच-सात वर्षं ठेव पुढे असते, नंतर घर तिला गाठतं. तेवढी वर्षं तुम्हाला धीर धरता येणार आहे का, हा प्रश्न आहे. यजमान साठीला आलेले असतील आणि हे पैसे प्रॉव्हिडंट फंडाचे असतील, तर उत्तर एक येईल. चाळिशीतल्या जोडप्याचं उत्तर निराळं येईल.

आणखी एक गोष्ट लोक गुळमुळीत ठेवतात. "अहो, जागेची किंमत केवढी वाढतेय!" म्हणून बांधा, असं सांगतात. पण वाढते ती जमिनीची किंमत, आणि ती न बांधताही वाढतेच. घर दरवर्षी थोडं थोडं झिजतं. मोकळा प्लॉट घेणाऱ्याला आपल्या मनासारखं घर बांधता येतं, तुमचे दोन ब्लॉक मात्र त्याला जसेच्या तसे पत्करावे लागतात. पुढेमागे मुलीच्या शिक्षणासाठी किंवा दुखण्याखुपण्यासाठी जागा विकायची वेळ येईल असं मनात असेल, तर मोकळी जागा हाताशी असणंच बरं.

"भाड्यातून हप्ता फिटेल"

हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की त्याची आता म्हणच झाली आहे. ते खरं आहे की नाही हे पाहायला पाच मिनिटं पुरतात.

वरच्याच उदाहरणात १२ लाख आपले आणि १५ लाख कर्जाचे धरू. व्याज ९ टक्के, मुदत १५ वर्षं. महिन्याचा हप्ता सुमारे १५,२०० रुपये येतो. भाडं १४,०००, आणि खर्च वजा जाता हातात येणारं भाडं महिन्याला १०,६०० च्या आतच. म्हणजे दरमहा साडेचार हजारांच्या वर पगारातून घालायचे, आणि आपले बारा लाख गुंतलेत ते वेगळेच. पंधरा वर्षांत त्या १५ लाखांचे मिळून सुमारे २७ लाख ३८ हजार फेडले जातात. कर्ज काढायला माझी ना नाही. पण हप्त्याची तुलना बोलल्या भाड्याशी करू नका, हातात उरणाऱ्या भाड्याशी करा. माझं मत विचाराल तर हप्ता त्या उरलेल्या भाड्याच्या दोन-तृतीयांशापेक्षा जास्त नसावा. आपल्या उदाहरणात तो ७,००० च्या आसपास येतो, म्हणजे कर्ज साधारण ७ लाखांचं. बाकीची रक्कम पदरी नसेल तर दोन ब्लॉकांऐवजी एक बांधा, किंवा थांबा. दागिने मोडून दुसरा मजला चढवण्यात काही शहाणपण नाही. त्या दागिन्यांना ना घरपट्टी लागते, ना रंग.

भाडेकरू येणार कुठून?

वहीतला हिशेब जमला तरी घर रिकामं राहिलं तर सगळं मुसळ केरात. आणि ते रिकामं राहील की नाही हे तुमचा प्लॉट कुठल्या गावात आणि गावाच्या कुठल्या बाजूला आहे यावर ठरतं.

लातूरचं पाहा ना. बारावीच्या आणि प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी तिथे बाहेरगावची मुलं इतकी येतात की क्लासेसच्या आसपास खोल्या मिळणं मुश्किल. पण त्याच लातुरात २०१६ च्या उन्हाळ्यात पाणी इतकं आटलं की मिरजेहून रेल्वेने आणावं लागलं. पुढे मार्च २०२० मध्ये करोनाची टाळेबंदी आली, क्लासेस बंद झाले, मुलं गावी गेली. केवळ विद्यार्थ्यांच्या भरवशावर बांधलेल्या खोल्या मग रिकाम्याच राहणार! एकाच प्रकारच्या भाडेकरूवर उभं राहिलेलं घर एका फटक्यात रिकामं होऊ शकतं. ज्या गावात कॉलेज आहे, एमआयडीसी आहे, तालुक्याची कचेरी आणि इस्पितळही आहे, तिथे एक गेला तर दुसरा येतो.

नदीकाठच्या गावांतल्या मैत्रिणींनी आणखी एक चौकशी करावी. सांगली-कोल्हापूरकडे ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये जो महापूर आला, त्यात तळमजल्यावरच्या बिऱ्हाडांची काय दशा झाली ते आपण पाहिलं आहे. प्लॉट पूररेषेच्या आत आहे का, हे नगरपालिकेत विचारा. स्वस्तात मिळाला होता तो का, याचं उत्तर कधी कधी तिथे सापडतं.

गल्लीची परीक्षा तर तुम्हालाच जास्त चांगली घेता येईल. एखाद्या संध्याकाळी सात वाजता प्लॉटच्या आजूबाजूला पायी फिरून या. किती घरांच्या खिडक्यांत दिवे लागलेत, ते मोजा. "भाड्याने देणे आहे" अशा पाट्या किती आहेत, आणि त्यांचा रंग उडाला आहे का, ते बघा. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात अर्धा किलो साखर घ्या आणि विचारा, इथे खोल्या लवकर लागतात का? दुकानदाराला कुठलं बिऱ्हाड कधी आलं, कधी गेलं, उधारी कोणी बुडवली, सगळं माहीत असतं. रिक्षाथांबा किती लांब आहे, रात्री आठनंतर एकट्या बाईला तिथून चालत यायला भीती वाटेल का, हेही स्वतः चालून पाहा. नोकरी करणारी मुलगी किंवा नवं जोडपं घर बघायला येतं तेव्हा हेच सगळं बघतं.

कपाटातली फाईल बाहेर काढा

हिशेब जुळला, गल्लीही पसंत पडली. तरी कंत्राटदाराला बयाणा देण्याआधी ती जाड फाईल उघडायची.

पहिली गोष्ट, जमीन बिनशेती झाली आहे का? बिनशेतीचा आदेश आणि मंजूर ले-आउट हाताशी हवा. गुंठेवारीने घेतलेले प्लॉट असतील तर ते नियमित करून घ्यावे लागतात. त्यासाठी २००१ चा कायदा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी त्यात घेतली गेली. सातबाऱ्यावर "भोगवटादार वर्ग २" असं लिहिलेलं असेल तर एकदम सावध व्हा. अशा जमिनीच्या व्यवहारावर सरकारी बंधनं असतात. सिडकोसारख्या संस्थेकडून भाडेपट्ट्याने मिळालेल्या प्लॉटांची गोष्ट उलटी, त्यांना ठरावीक मुदतीत बांधण्याची अट असते, न बांधल्यास जादा पैसे भरावे लागतात. तुमच्या करारात अशी अट असेल तर "बांधावं का" हा प्रश्न तुमच्यासाठी फार दिवस उघडा राहणारा नाही.

दुसरी गोष्ट मोजणी. भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम करून घ्या. शेजारच्याने कंपाउंड घालताना दोन फूट आत सरकवलं असेल तर ते आज कळलेलं बरं. पाया खणल्यावर कळलं तर काम थांबतं, आणि थांबलेल्या कामाचा खर्च चालूच राहतो.

मग नियमावली. मुंबई आणि काही वगळलेले भाग सोडले तर राज्यात बहुतेक ठिकाणी २०२० ची एकात्मिक नियमावली लागू आहे. प्लॉटच्या चारी बाजूंनी किती जागा मोकळी सोडायची, किती चटई क्षेत्र मिळतं, हे त्यातून ठरतं. दोन गुंठ्यांवर मनातल्या मनात केवढा मोठा बंगला उभा राहतो! नियमाप्रमाणे मोकळी जागा सोडली की तो आक्रसतो. आर्किटेक्टकडून आधी एवढंच काढून घ्या की कायदेशीर बांधकाम किती फूट होईल, आणि मग वहीतला हिशेब त्या फुटांवर पुन्हा करा. "सगळेच गॅलरी झाकून घेतात, तुम्हीही घ्या" असं सांगणारा कंत्राटदार नोटीस आली की फोन उचलत नाही.

एकदा बसलेला भाडेकरू निघेल का?

आपल्या आई-सासूच्या पिढीला भाडेकरू म्हटलं की धडकी भरे, आणि ती उगीच नव्हती. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठवली होती. मुंबईत तर १ सप्टेंबर १९४० चं भाडं हाच आधार धरला जाई. पुण्यातल्या वाड्यांचे मालक महिन्याला पंधरा-वीस रुपये घेऊन गळकी कौलं बदलत बसत. पुढे लोकांनी भाडेकरूऐवजी परवानाधारक ठेवायला सुरुवात केली, तर कायद्यातल्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी जागेत असलेल्या परवानाधारकांनाच भाडेकरूचं संरक्षण दिलं. तेव्हापासून "घर कुलपात ठेवू, पण भाड्याने देणार नाही" असं म्हणणारी माणसं घरोघर झाली.

पण तो काळ गेला. गोठवलेली भाडी वाजवी नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये सांगितलं. नंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. रजा आणि परवाना, म्हणजे आपण ज्याला लीव्ह अँड लायसन्स म्हणतो, तसा लेखी करार असेल तर मुदत संपल्यावर घर परत मिळवण्यासाठी या कायद्यात निराळी, आटोपशीर वाट आहे. सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, नेहमीच्या दाव्यासारखी वर्षानुवर्षं घासाघीस नाही. मुदतीनंतरही जागा अडवून बसलेल्याला दुप्पट दराने भरपाई लागू शकते.

मात्र यात एक मेख आहे, आणि तिथेच शहाणीसुरती माणसंही फसतात. "अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणीची गरज नाही, नोटरी पुरे" असं सर्रास सांगितलं जातं. आपल्या राज्यात ते चुकीचं आहे. करार अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून मोठा तोटा असा की करार नोंदवलेला नसला तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. म्हणजे तुम्ही म्हणाल अकरा महिने, तो म्हणेल कायमचं, आणि सिद्ध करत बसायचं तुम्ही! मुद्रांक शुल्क असतं एकूण भाड्याच्या पाव टक्का, शिवाय अनामत रकमेवर वर्षाला १० टक्के व्याज धरून त्याचाही त्यात हिशेब होतो. छोट्या घराला ही रक्कम काही शे रुपयांत बसते. त्यात नोंदणी शुल्काची भर घाला. हे सगळं आता ऑनलाइन, आधार आणि अंगठ्याच्या ठशावर होतं. एवढ्यासाठी कंजूषपणा करू नका.

कायदा तुमच्याही हातांना बांधतो, हे लक्षात असू द्या. भाडं मिळालं की पावती द्यावी लागते. भाडं थकलं म्हणून पाणी किंवा वीज तोडणं हा गुन्हा आहे. राग आला तरी तो कॉक फिरवायचा नाही. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देऊन तिची पोच फाईलला लावून ठेवा.

भाडेकरू निवडताना आडनाव, जात, स्वयंपाकघरात काय शिजतं, याच्या चौकशा करण्यापेक्षा मागच्या घरमालकिणीला एक फोन करा. भाडं वेळेवर देत होते का, घर कसं ठेवलं होतं, एवढं तिला विचारलं की पुरे.

नाव कुणाचं, खातं कुणाचं?

हा मुद्दा मी मुद्दाम वेगळा काढला आहे, कारण तो बोलायला आपणच कचरतो. प्लॉट यजमानांच्या एकट्याच्या नावावर, कर्जात मात्र सहकर्जदार म्हणून तुमची सही, कराराची धावपळ तुमची आणि भाडं त्यांच्या खात्यात. अशी घरं थोडी नाहीत. भांडण करा असं मी म्हणत नाही. पण सही करण्याआधी फाईलमध्ये आपलं नाव कुठे कुठे आहे, हे वाचायचा तुम्हाला हक्क आहे. घर दोघांच्या पैशांनी आणि दोघांच्या कष्टांनी उभं राहणार असेल तर नावही दोघांचं असावं, आणि करारात परवाना देणारे म्हणून दोघांच्या सह्या असाव्यात. पुढे एक जण नसताना दुसऱ्याला भाडेकरूसमोर कागद शोधत बसावं लागत नाही.

कर वाचवण्यासाठी यजमानांनी प्लॉट तुम्हाला बक्षीस दिला, तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: त्याचं भाडं प्राप्तिकरात त्यांच्याच उत्पन्नात धरलं जातं. नाव तुमचं झालं तरी कर वाचत नाही. प्लॉट माहेरून मिळालेला असेल किंवा तुमच्या कमाईचा असेल तर भाडं तुमचंच उत्पन्न. तशा प्लॉटवर यजमानांच्या पैशांनी बांधकाम होणार असेल तर ते पैसे बक्षीस की उसने, हे करसल्लागाराला विचारून आधीच कागदावर आणा.

बांधायचंच ठरलं तर

पाया दोन मजल्यांचा घाला आणि सध्या एक मजला बांधा, असा माझा सल्ला. पायात घातलेला पैसा दिसत नाही म्हणून लोक तिथे हात आखडतात आणि गेटच्या नक्षीवर उधळतात. खर्चाचं कंत्राट तोंडी ठरवू नका. सिमेंट कुठलं, सळई किती जाडीची, कुठल्या टप्प्यावर किती पैसे, हे लिहून घ्या. स्लॅबवर आळी करून पाणी साठवून ठेवण्याचं काम गवंड्याच्या भरवशावर टाकू नका. नवं सिमेंट पहिले सात ते दहा दिवस सतत ओलं राहायला हवं, आणि तिथे केलेली हयगय पुढे पावसाळ्यात छतातून ठिबकते.

भाड्याचं घर म्हणजे उरलंसुरलं सामान लावायची जागा नव्हे, तसंच हौस भागवायचीही नव्हे. लाकडी कपाटांऐवजी कडाप्प्याच्या मांडण्या करा. भिंतीत गाडलेल्या पाइपांपेक्षा बाहेरून नेलेले पाइप दुरुस्तीला सोपे. वीजमीटर आणि पाण्याची टाकी प्रत्येक ब्लॉकला स्वतंत्र हवी, निम्मी भांडणं इथेच संपतात. ओटा खिडकीशी असावा, मोरीला उतार नीट असावा, कपडे वाळत घालायला ऊन येईल अशी गॅलरी असावी, देव्हाऱ्याला कोनाडा आणि स्कूटरला सावली असावी. घर पसंत करायला नवरा-बायको दोघं येतात, पण ओट्यासमोर उभी राहून मान डोलावते ती बाईच. तिथे आपण स्वतः रोज स्वयंपाक करू का, असा विचार करून नकाशा पाहा.

आणि शक्य असेल तर असं घर बांधा की उद्या गरज पडली तर तुम्ही दोघं त्यात राहायला जाल. जिने चढवत नाहीत अशा वयात तळमजल्यावरचा तो सहाशे फुटांचा ब्लॉक हवासा वाटेल, आणि आपलं सध्याचं मोठं घरच तेव्हा भाड्याला लागेल.

नाही बांधलं तर

त्यात काही कमीपणा नाही. पण रिकामी जागा वाऱ्यावर सोडायची नाही. दुसऱ्याच्या जमिनीवर उघडपणे, मालकी सांगत, बारा वर्षं ताबा ठेवणारा माणूस कोर्टात हक्क मागू शकतो. तेव्हा मोजणीच्या खुणांवर दगडी खांब रोवून तारेचं कुंपण घाला, दोघांच्या नावाची पाटी लावा, दरवर्षी कर भरून पावती फाईलला लावा. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डाचा नवा उतारा वर्षातून एकदा काढून त्यावर भलती नोंद झाली नाही ना, ते बघा. कुणी "वहिनी, दोन महिने वाळू-विटा ठेवतो" म्हणाला तर लेखी लिहून घ्या, किती दिवसांसाठी आणि किती भाड्याने. पार्किंगला किंवा मांडवाच्या सामानाला जागा द्यायची असेल तर तीही कागद करूनच.

बाकी जागेत शेवग्याची दोन झाडं आणि कडेने भोपळ्याचे वेल लावायला हरकत नाही. त्यांना फार पाणी लागत नाही, आणि शेंगा उतरवायच्या निमित्ताने आठवड्याला एक फेरी होते.